रुग्णाच्या दारात क्लिनिकल ट्रायल: नाशिकच्या संस्थांनी मिळून ती उभी करण्याचा क्रम

पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे औषध चालतं का हे रुग्णांवर तपासणाऱ्या अभ्यासासाठी, नाशिकला यायचं म्हणजे पहाटेची एसटी, सावळघाट, दवाखान्यातली रांग आणि दिवसभराची बुडालेली मजुरी. दोन भेटी माणूस येतो, तिसऱ्याला येत नाही, आणि कागदावर त्याच्यापुढे 'संपर्क तुटला' असं लिहिलं जातं. यावर उपाय म्हणून ट्रायलचं काही काम गावात, घरी किंवा फोनवर नेतात. त्यालाच विकेंद्रित ट्रायल म्हणतात. गावात आधीपासून ज्यांचा राबता आहे त्या सेवाभावी संस्था सोबत असतील तर हे नीट होऊ शकतं.

बहुतेक संस्था मात्र उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी टॅब येतात, मग कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, मग रुग्णांची यादी. रात्री अकराला रुग्णाला त्रास झाला तर फोन कोण उचलणार, हा प्रश्न निघतो तो पहिला रुग्ण घेतल्यावर. खालचा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांसाठी तोंडाने घ्यायच्या औषधाची ट्रायल धरली आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांत तो प्रश्न ओळखीचा आहे.

टप्पा 1: कोणतं काम गावात जाईल, कोणतं रुग्णालयातच राहील

एक मोठा कागद घ्या. ट्रायलच्या आराखड्यातली प्रत्येक कृती एकेका ओळीत लिहा: प्राथमिक तपासणी, संमती, पहिला डोस, रक्त काढणं, गोळ्या पोचवणं, गोळ्या मोजणं, वेदनेची नोंद, दुष्परिणामांची विचारपूस. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने: कुठे होईल, कोण करेल, चुकलं तर कोणाला कळेल.

साधारण विभागणी अशी बसते. निदानाची खात्री, डॉक्टरने करायची शारीरिक तपासणी आणि पहिला डोस रुग्णालयात. वजन, रक्तदाब, रक्ताचा नमुना, गोळ्यांची मोजणी, वेदनेची डायरी गावात. मधल्या भेटी व्हिडिओ कॉलवर, पण रुग्णाशेजारी प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी बसलेला हवा. भारताच्या 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत डॉक्टरशी बोलण्याची सोय मान्य केलेली आहे. तिचा उल्लेख आराखड्यात करा.

सगळंच घरी नेण्याच्या मोहात पडू नका. माणसाला पहिल्यांदाच दिलं जाणारं औषध, किंवा ज्या इंजेक्शनने तीव्र ॲलर्जी येऊ शकते असं काही, पाड्यावर नेण्याच्या लायकीचं नाही. अशा ट्रायलमध्ये संस्थेचं काम प्रवास, मुक्काम आणि सोबत एवढंच ठेवावं.

तपासणी: तिसऱ्या रकान्यात एकाही ओळीपुढे 'टीम' किंवा 'संस्था' लिहिलेलं दिसलं तर कागद परत घ्या. तिथे माणसाचं पद आणि मोबाइल नंबर हवा.

टप्पा 2: रुग्णांशी बोलणं, आराखडा पक्का होण्याआधी

आराखडा छापून झाल्यावर घेतलेली गावबैठक ही माहिती देणारी बैठक असते. रुग्णांचं म्हणणं त्यात शिरायला जागाच उरत नाही. म्हणून मसुदा कच्चा असतानाच आठ-दहा रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांना वेगवेगळ्या पाड्यांवर भेटा. तीन गोष्टी विचारा: या आजाराने सगळ्यात जास्त काय अडतं, महिन्यात किती वेळा कोणी घरी आलेलं चालेल, आणि कोणी घरी आलेलं शेजाऱ्यांना दिसलं तर काय होईल.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा सगळा आराखडा बदलून टाकतं. सिकलसेलचं नाव लागलं की लग्न मोडतं, ही भीती खरी आहे. संस्थेचं नाव रंगवलेली जीप दारात उभी राहणं काही घरांना नकोच असतं. मग भेट आठवडे बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच गावात, उपकेंद्राच्या खोलीत ठेवता येते. कार्यकर्त्यांना यात 'घरपोच सेवा' हातची गेल्यासारखं वाटतं. वाटू द्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांपर्यंत पोचवा. रक्तातला आकडा किती वाढला हे डॉक्टर मोजतात. रुग्ण मोजतो ते भाताच्या आवणीत किती दिवस चिखलात उभं राहता आलं. दुसरी गोष्टही मोजमापात येऊ शकते, फक्त ती आधी सुचवावी लागते.

टप्पा 3: करार आणि पैसा

या कामात किमान तीन पक्ष असतात: प्रायोजक (औषध कंपनी, विद्यापीठ किंवा निधी देणारी संस्था), मुख्य संशोधक (ट्रायलची जबाबदारी असलेला डॉक्टर) जिथे आहे ते रुग्णालय, आणि गावपातळीवरच्या संस्था. संस्था एकाहून अधिक असतील तर एका गावाला एकच संस्था, हा नियम लेखी करा. दोन संस्थांचे दोन कार्यकर्ते एकाच घरी वेगवेगळं सांगून आले की विश्वास तिथेच संपतो.

करारात ही कलमं हवीतच:

- वैद्यकीय जबाबदारी मुख्य संशोधकाची. त्याने वाटून दिलेलं प्रत्येक काम कामवाटपाच्या नोंदवहीत, म्हणजे डेलिगेशन लॉगमध्ये, सहीनिशी. लॉगमध्ये नाव नसलेल्याने नमुना किंवा औषध हाताळायचं नाही.
- संस्थेचा मोबदला महिन्यावर किंवा झालेल्या भेटींवर. दर रुग्णामागे ठरावीक रक्कम कधीही घेऊ नका. त्या दिवसापासून कार्यकर्ता भरती-एजंट होतो, आणि 'नको' म्हणणाऱ्या रुग्णाकडे तो चौथ्यांदा जातो.
- रुग्णाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी कोण, किती दिवसांत देणार. रक्कम एथिक्स कमिटीकडून, म्हणजे ट्रायलमध्ये रुग्णांचं हित जपलं जातं का हे तपासणाऱ्या समितीकडून, मंजूर झालेली असावी. आणि ती त्याच दिवशी हातात पडावी. 'बिल पाठवा, महिन्याने येईल' हे मजुराला सांगण्यासारखं नाही.
- विमा आणि इजा झाल्यास उपचार-भरपाईची जबाबदारी प्रायोजकाची, स्पष्ट शब्दांत.

परदेशी निधी असेल तर इथे थांबून सीएला गाठा. परदेशी अंशदान कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्या दुसऱ्या संस्थेकडे परदेशी निधीची नोंदणी असली तरीही. 'मोठी संस्था पैसे घेईल आणि आम्हाला देईल' ही नाशिकच्या कितीतरी आघाड्यांची आवडती रचना त्यामुळे बाद होते. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 20 टक्क्यांवर आली आहे. परदेशी सहकार्याच्या संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही गरज पडू शकते, तेव्हा वेळापत्रकात त्याचे महिने धरा.

टप्पा 4: मंजुऱ्या, आणि 50 किलोमीटरचा नियम

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

भारतात औषधाच्या ट्रायलला 'नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, 2019' लागू होतात. विकेंद्रित ट्रायलमध्ये कामाची जागा बदलते, नियम तेच राहतात. पहिला प्रश्न: ही ट्रायल कोणत्या गटातली? नव्या औषधाची किंवा नव्या वापरासाठी परवाना मिळवण्याची असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. शैक्षणिक हेतूची असेल आणि तिचे निष्कर्ष जाहिरातीसाठी वापरायचे नसतील तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीवर काम होऊ शकतं. पण ट्रायल या दोन्हींच्या सीमेवर असेल तर कमिटीने केंद्रीय औषध नियंत्रकांना कळवायचं आणि 30 दिवस उत्तराची वाट पाहायची, असा क्रम आहे. ते 30 दिवस वेळापत्रकात हवेत.

दुसरा प्रश्न: कमिटी कुठे नोंदलेली आहे? आरोग्य संशोधन विभागाकडची नोंदणी वेगळी आणि औषधांच्या ट्रायलसाठी सीडीएससीओकडची (केंद्रीय औषध नियंत्रकांच्या संस्थेकडची) नोंदणी वेगळी. फक्त पहिली असलेली कमिटी औषधाची ट्रायल मंजूर करू शकत नाही. नोंदणीचं पत्र स्वतः वाचा, मुदतीची तारीखही बघा. 'आमची कमिटी रजिस्टर्ड आहे' एवढ्या तोंडी उत्तरावर एका प्रकल्पात आम्ही चार महिने घालवले आहेत.

तिसरा प्रश्न अंतराचा. ज्या ट्रायल-केंद्राला स्वतःची एथिक्स कमिटी नाही, त्याला दुसऱ्या कमिटीची मंजुरी चालते. पण ती कमिटी त्याच शहरात किंवा 50 किलोमीटरच्या त्रिज्येत हवी. त्रिज्या म्हणजे नकाशावरचं सरळ अंतर, एसटीचं नव्हे. नाशिक शहरातल्या कमिटीच्या दृष्टीने त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी आणि पेठ ही गावं त्रिज्येत बसतात. सुरगाणा, कळवण आणि मालेगाव बसत नाहीत. म्हणजे सुरगाण्याच्या रुग्णालयाला ट्रायल-केंद्र म्हणून दाखवलं तर नाशिकची कमिटी पुरणार नाही.

मग सुरगाण्याच्या रुग्णांनी काय करायचं? केंद्र नाशिकचं रुग्णालय ठेवा आणि गावातल्या भेटी त्या केंद्राच्या मुख्य संशोधकाच्या देखरेखीखाली आराखड्यातच लिहा. रुग्णाचं घर म्हणजे ट्रायल-केंद्र नव्हे. पण घरी नेमकं काय होईल, कोण करेल आणि डॉक्टर कधी जोडला जाईल हे कमिटीपुढे एकूण एक मांडा. कमिटीला अर्धवट सांगून मंजुरी मिळवली तर पहिल्या तपासणीत ती उलटते.

सावधान: सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याच्या आधी. 'नंतर करू' चालत नाही. 2009 पासून ती बंधनकारक आहे.

आशाताई आणि उपकेंद्राची खोली वापरायची असेल तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची लेखी परवानगी वेगळी घ्या. आशाताईंना त्यांच्या ओळखीच्या बळावर रुग्ण आणायला लावणं टाळा. गावात आशाताई म्हणजे सरकार. तिने सांगितलेलं नाकारणं सोपं नसतं.

टप्पा 5: वेळापत्रक शेतीच्या कॅलेंडरवर बसवा

जुलैत पेठ, सुरगाणा, इगतपुरी भागात भाताची आवणी. पुढे द्राक्षाच्या छाटणीपासून ते जानेवारी-मार्चच्या तोडणीपर्यंत याच तालुक्यांतली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामाला. म्हणजे 'रुग्णाचं घर' वर्षातून दोनदा हलतं. नोंदणी करताना तीन पत्ते घ्या: पाड्यावरचा, बागेवरचा, आणि कायम गावात राहणाऱ्या एका नातेवाईकाचा. बागमालकाचा नंबर घेऊ नका. त्याला आजाराचं कळता कामा नये.

2027 च्या पावसाळ्यात सिंहस्थ आहे. पर्वणीच्या आठवड्यांत नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात रुग्णालयातली भेट ठेवू नका, आणि त्या काळातली औषधं आधीच पोचवा.

टप्पा 6: संमती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिली अडचण शब्दाची. मराठीत 'चाचणी' म्हटलं की माणसाला रक्ततपासणी वाटते. 'औषधाची चाचणी आहे' या वाक्यावर मान डोलावणारा रुग्ण रक्त द्यायला तयार झालेला असतो, ट्रायलला नाही. स्पष्ट सांगा: 'हे औषध तुमच्या आजारावर चालतं का, हे अजून नक्की माहीत नाही. ते पाहण्यासाठी हा अभ्यास आहे.' 'प्रयोग' हा शब्द काहींना घाबरवतो, तरी तो लपवण्यापेक्षा बरा.

दुसरं, कोणाला कोणती गोळी हे ठरवणारे गट कसे पडतात ते. 'चिठ्ठी टाकल्यासारखं आहे. कोणती गोळी मिळेल हे डॉक्टर ठरवत नाही, मीही नाही' हे पटकन समजतं. प्लासिबोसाठी 'दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी' म्हणा. त्यानंतर एक प्रश्न हमखास येतो: 'मग मला औषध नसलेली आली तर?' त्याचं उत्तर कार्यकर्त्याने मनाने देऊ नये. नेहमीचे उपचार चालू राहणार का, हे आराखड्यात असेल तेच सांगावं.

तिसरं, भाषा. छापील पत्रक मराठीत असलं तरी घरात कोकणा किंवा वारली बोलली जाते, बागलाण-मालेगावकडे अहिराणी, मालेगाव शहरात उर्दू. बोलीतलं निवेदन रेकॉर्ड करून घ्या, आणि ते रेकॉर्डिंगही एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या. नाहीतर प्रत्येक कार्यकर्ता आपापली ट्रायल समजावत फिरतो.

क्रम असा ठेवा:

1. पहिल्या भेटीत फक्त माहिती. सही मागायची नाही.
2. पत्रक घरी ठेवायचं. किमान दोन दिवस जाऊ द्यायचे.
3. दुसऱ्या भेटीत रुग्णाकडून त्याच्या शब्दांत ऐकायचं: काय होणार, कधीही सोडता येतं का, सोडलं तर नेहमीचे उपचार बंद होतील का.
4. मगच मुख्य संशोधक किंवा लॉगमध्ये संमतीचं काम सोपवलेला डॉक्टर, समोरासमोर, सही घेतो. रुग्णाला एक प्रत.

वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो. संस्थेचा कार्यकर्ता साक्षीदार होऊ शकत नाही, कारण तो ट्रायलचाच भाग आहे. ही चूक इतक्या सहजपणे होते की फाइल उघडेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. गावातले शिक्षक, पोस्टमन, ट्रायलशी संबंध नसलेला शिकलेला शेजारी चालेल, पण रुग्णाला तो माणूस चालणार असेल तरच.

नव्या रेणूच्या, म्हणजे आधी औषध म्हणून मंजूर न झालेल्या पदार्थाच्या, ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या रुग्णाच्या संमतीचं दृक्‌श्राव्य रेकॉर्डिंग नियमानेच लागतं. मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं, असं नको. रेकॉर्डिंग कोणत्या उपकरणावर, कोणाच्या ताब्यात, किती दिवसांत रुग्णालयात जमा, हे आधी लिहा.

तपासणी: पहिल्या दहा कुटुंबांत एकानेही 'नको' म्हटलं नसेल तर संमतीची पद्धत तपासा. सगळेच हो म्हणताहेत म्हणजे कोणीतरी दबाव टाकतंय, किंवा कोणाला काही समजलेलं नाही.

टप्पा 7: गोळ्या जातात, नमुने येतात

औषध रुग्णालयाच्या औषध विभागातून निघेल ते रुग्णाच्याच हातात पडेल; किराणा दुकानात, सरपंचांकडे किंवा एसटीच्या कंडक्टरकडे नाही. प्रत्येक हस्तांतराला सही, तारीख, वेळ आणि संख्या. थंड ठेवायचं औषध असेल तर डब्यात तापमान नोंदवणारं यंत्र. बर्फाच्या पिशव्या किती तास टिकतात ते मे महिन्यात, खऱ्या रस्त्यावर, रिकामा डबा नेऊन बघा.

घरात गोळ्या कुठे ठेवल्या जातात ते पाहा. चुलीवरची फळी ही बऱ्याच घरांत औषधाची जागा असते, आणि तिथली उष्णता कोणत्याच लेबलात बसत नाही. दुसरी गोष्ट वाटपाची. सिकलसेल घरात एकालाच नसतो. आई आपल्या वाटच्या गोळ्या दुखणाऱ्या मुलाला देते. यात तिचा दोष नाही, पण मुलाच्या जिवाला धोका आहे. हे संमतीच्या वेळीच बोला, आणि दर भेटीला गोळ्या मोजताना पुन्हा.

नमुन्यांचं गणित उलट दिशेचं. साध्या रक्तगणनेची नळी काही तास तग धरते, पण खड्ड्यांतून हिसके बसत गेलेल्या रक्तात पेशी फुटतात आणि पोटॅशियमसारखे आकडे खोटे वाढतात. सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) लागणार असेल तर तालुक्याच्या ठिकाणीच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून तो वेगळा करा, मग पाठवा. शेवटच्या गावातून नमुना किती वाजता निघाला तर प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत पोचतो, ती वेळ काढा. त्यानंतर रक्त काढायचंच नाही.

टप्पा 8: फोन आणि माहिती

घरातला फोन बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. बायकोच्या ट्रायलचा मेसेज त्याच्या स्क्रीनवर पडतो. म्हणून मेसेजमध्ये आजाराचं आणि औषधाचं नाव नको, फक्त भेटीची तारीख. वेदनेची डायरी ॲपवरच हवी असा हट्ट नको. रेंज नसलेल्या पाड्यावर चेहऱ्यांच्या चित्रांची कागदी डायरी जास्त खरं सांगते. कागद असेल तर त्याची नोंद संगणकात कोण, किती दिवसांत करणार तेही ठरवा.

रिपोर्टचे फोटो संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं पूर्ण बंद. कार्यकर्त्यांना ही सवय सोडवायला वेळ लागतो, म्हणून पर्याय आधी द्या.

टप्पा 9: रात्री अकराचा फोन

गंभीर प्रतिकूल घटना घडली की मुख्य संशोधकाने 24 तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण (म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रक), प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. ही वेळ नाशिकच्या डॉक्टरच्या हातातली आहे, पण घटना पाड्यावर घडते.

'गंभीर' म्हणजे काय हे कार्यकर्त्याला उदाहरणाने शिकवा. रुग्णाला साप चावला आणि तो दवाखान्यात दाखल झाला, तर औषधाशी संबंध नसला तरी ती गंभीर घटना आहे. कळवायचीच. संबंध आहे की नाही हे ठरवणं कार्यकर्त्याचं काम नाही. सीमेवरच्या गावांतली माणसं दवाखान्यासाठी धरमपूर-वांसद्याकडे, गुजरातेत जातात. तिथल्या डॉक्टरला दाखवायला रुग्णाजवळ मराठी-गुजराती-इंग्रजी कार्ड असू द्या: ट्रायलमध्ये आहे, या नंबरवर चोवीस तास फोन करा.

पहिला रुग्ण घेण्याआधी रंगीत तालीम करा. कोणालाही आगाऊ न सांगता रात्री अकराला एका कार्यकर्त्याने पाड्यावरून फोन लावायचा. घड्याळ लावा: फोन किती रिंगनंतर उचलला, 108 ला कोणी कळवलं, मुख्य संशोधकापर्यंत निरोप किती मिनिटांत, फॉर्म कोणाकडे होता. पहिल्या तालमीत कुठेतरी अडतंच. आमच्याकडे चोवीस तासांचा म्हणून छापलेला नंबर रुग्णालयाच्या ऑफिसचा निघाला; तो संध्याकाळी पाचला बंद व्हायचा. छापलेली सगळी कार्डं परत मागवावी लागली.

टप्पा 10: पाच रुग्ण, मग थांबा

पाच रुग्णांच्या पहिल्या दोन भेटी झाल्या की नवी भरती आठ दिवस थांबवा. पाचही फायली उघडा: सह्यांच्या तारखा भेटींच्या क्रमाशी जुळतात का, साक्षीदार कोण, गोळ्यांचा हिशेब लागतो का, मजुरीचे पैसे त्याच दिवशी मिळाले का. शेवटचा प्रश्न रुग्णालाच विचारा, फाइलला नाही. आराखड्यात बदल करावासा वाटला तर तो कमिटीच्या मंजुरीनंतरच अमलात येतो. 'छोटाच आहे' म्हणून परस्पर बदललेली भेट हाही नियमभंगच.

ट्रायल संपताना उरलेल्या गोळ्या एकेक मोजून परत घ्या, रिकाम्या पाकिटांसह. बागेवर गेलेल्या कुटुंबांच्या गोळ्या राहून जातात, म्हणून परतीची फेरी तोडणीच्या हंगामात निफाडपर्यंत न्यावी लागेल, तिचा खर्च टप्पा 3 मधल्या करारात असू द्या. निकाल आल्यावर तो मराठीत आणि बोलीत, ज्या ज्या पाड्यावर रुग्ण होते तिथे सांगायला जा. औषध चाललं नसेल तरीही.